आर१५, नार्व्याची फेरी आणि चोर्ला घाट

मला स्पोर्ट्स बाईक घ्यायची होती, पण माझं लायसन्स ‘विदाउट गिअर’चं होतं, त्यामुळे सगळं स्वप्नरंजन बाजूला ठेवून सुरुवात आरटीओपासूनच करावी लागली. कॉलेजात असल्यापासून मी स्कूटरवर. डिचोलीहून पणजीला पाटोवरच्या ऑफिसात जायचं, येताना म्हापशाच्या बाजारातून भाजी आणायची, यात गिअरची गरज कधी पडलीच नाही. पण गिअरची बाईक चालवायची तर लायसन्सवर तो प्रकार वेगळा चढवून घ्यावा लागतो. म्हणजे पुन्हा लर्निंग, पुन्हा निदान तीस दिवस थांबणं, पुन्हा टेस्ट. हे ऐकून मावसभाऊ म्हणाला, “आधी बाईक घे गं, लायसन्स होतं मागाहून.” तो स्वतः केटीएमची आरसी ३९० ही स्पोर्ट्स बाईक चालवतो आणि त्याचे बहुतेक सल्ले असे मागाहूनचेच असतात.

मला स्पोर्ट्स बाईकच का हवी होती, याचं पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही. २०१३ मध्ये पहिला इंडिया बाईक वीक वागातोरला भरला तेव्हा मी मैत्रिणींबरोबर बघायला गेले होते, तेव्हापासून ते डोक्यात राहिलं असावं. फेअरिंग, म्हणजे अंगावर प्लास्टिकचं आवरण असलेली, पुढे वाकून बसायची, टाकीला गुडघे लावायची गाडी. आईने एवढंच विचारलं, “पाठ दुखणार नाही का?” बाबांनी काहीच विचारलं नाही. त्यांनी आपली जुनी स्प्लेंडर धुऊनपुसून अंगणात काढून ठेवली आणि काकांना फोन लावला.

काका म्हणजे बाबांचे मित्र. उभं आयुष्य त्यांनी डिचोलीच्या बसस्टँडवर पायलटचा धंदा केला. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल-टॅक्सी. मागे प्रवासी, पुढे टाकीवर त्याची पिशवी, चतुर्थीच्या दिवसांत माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचं सामान, अशी गाडी त्यांनी मये, नार्वे, कारापूर, सांखळी सगळीकडे नेली आहे. त्यांनी मला पहिले कितीतरी दिवस तिसरा गिअर टाकूच दिला नाही. मैदानाच्या एका टोकाला मला उभं करायचे आणि स्वतः गाडीच्या शेजारून सावकाश चालायला लागायचे. अट एकच: मी त्यांच्या पुढे जायचं नाही आणि पाय टेकायचा नाही. गावच्या स्पर्धांत ‘स्लो सायकल’ असते ना, शेवटी येईल तो पहिला, तीच ही इंजिन लावलेली आवृत्ती.

हे दिसतं तेवढं सोपं नाही. क्लच पूर्ण दाबला तर गाडी मोकळी होऊन डुलते, पूर्ण सोडला तर पळते किंवा बंद पडते. मधे बोटभर अंतरात एक जागा असते, जिथे इंजिन चाकाला नुसती ओढ देतं. डावा हात तिथेच खेळत ठेवायचा, उजव्या हाताने ॲक्सिलरेटर एकाच ठिकाणी धरायचा आणि वेग आवरायचा तो उजव्या पायाने, मागच्या ब्रेकवर हलका भार ठेवून. पुढचा ब्रेक अशा वेळी विसरायचा. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक कचकन दाबला की गाडी त्याच बाजूला आडवी होते. उभ्या-उभ्या पडणाऱ्या बहुतेक बाईक अशाच पडतात. आणि नजर. “चाकाक कित्याक पळयता गो बाय, वचपाचें आसा थंय पळय,” असं काका दर फेरीला ओरडायचे. चाकाकडे बघितलं की गाडी खरंच तिथेच घुटमळते. मान वळवून पलीकडचा गोलपोस्ट बघितला की तीच गाडी निमूट वळते. याचं शास्त्र मला मागाहून कळलं, पण मान वळवायची सवय तेव्हाच लागली. आरटीओची टेस्ट म्हणजे आठचा आकडा. मैदानावरच्या त्या पायी फेऱ्यांनंतर तो फारच मोठा वाटला.

मग निवड. मी एका वहीत आकडे लिहून काढले, कारण शोरूममध्ये गेलं की रंग बघून बुद्धी चळते. माझी उंची पाच फूट तीन इंच. यामाहा आर१५: १५५ सीसी, १८.४ पीएस (पीएस म्हणजे इंजिनच्या ताकदीचं माप), वजन १४१ किलो, सीटची उंची ८१५ मिमी. सुझुकी जिक्सर एसएफ २५०: २६.५ पीएस, १६१ किलो, ८०० मिमी. टीव्हीएस अपाचे आरआर ३१०: ३८ पीएस, १७४ किलो, ८१० मिमी. कावासाकी निन्जा ३००: दोन सिलिंडर, ३९ पीएस, १७९ किलो, सीट मात्र सगळ्यांत खाली, ७८० मिमीच्या आसपास. आणि मावसभावाच्या मते ‘खरी’ बाईक, म्हणजे केटीएम आरसी ३९०: ३७३ सीसी, ४३.५ पीएस, १७२ किलो.

नवशिक्याची नजर यात पीएसच्या रकान्यावर जाते. मीही तोच रकाना आधी भरला होता. पण सगळ्या गाड्यांवर बसून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आपल्याला खरं कामाला येणारा रकाना वजनाचा आहे, आणि सीटच्या उंचीचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. सीट पुढे अरुंद असेल तर मांड्या फाकत नाहीत आणि पाय सरळ खाली उतरतात. रुंद असेल तर तेवढ्याच उंचीवर टाच अधांतरी राहते. आर१५ची सीट कागदावर उंच, पण टाकीजवळ इतकी निमुळती की दोन्ही पायांचे चवडे माझे व्यवस्थित टेकत होते आणि जरा एका बाजूला सरकलं की त्या बाजूचा पाय सपाट. निन्जावर दोन्ही पाय जवळजवळ सपाट टेकले, पण स्टँडवरून उभी करताना तिचं वजन कळलं. आमच्या अंगणातून रस्त्यावर यायला चढ आहे. रोज सकाळी गाडी मागे ढकलत वळवायची तर १७९ आणि १४१ यांतले अडतीस किलो रोज सकाळी भेटणार. दुकानात ही परीक्षा कोणी घेत नाही. सगळे बसून बघतात, आरशात बघतात, फोटो काढतात. मी सेल्समनला सांगितलं, मला ही उतरून ढकलायची आहे, दहा पावलं पुढे, दहा पावलं मागे. तो हसला, पण त्याने जागा करून दिली.

शहाणपणाची निवड जिक्सर होती, हे आधीच मान्य करते. तिचं हँडल जरा वर आहे, ताकद जास्त आहे, गावात चालवायला सोपी. पाठीचा प्रश्न असेल, रोजचा प्रवास लांबचा असेल, तर तीच घ्यावी. मला ती पुढे वाकलेली बैठकच हवी होती, आणि ती हवी तर हलक्या गाडीवर शिकावी, असा माझा हिशेब. आरसी ३९० मी मावसभावामागे बसून अनुभवली आहे. तिच्यात वाईट काही नाही, पण एका किलोमागे तिची ताकद आर१५च्या जवळजवळ दुप्पट पडते. मनगट जरा जास्त पिळलं गेलं तर आर१५ दटावते, आरसी फेकून देते. शिकणाऱ्याचं मनगट जास्त पिळलं जाणारच, विशेषतः खड्ड्यातून जाताना, जेव्हा हात आपोआप हँडलला लटकतो.

त्यातच २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के लागला. माझा निर्णय त्याआधीच झाला होता, पण बुकिंग मुद्दाम तोवर थांबवलं. मावसभावाचं तोंड त्या दिवशी बघण्यासारखं होतं. त्याच्या ३७३ सीसी बरोबर रेघेपलीकडे पडल्या होत्या.

शोरूमचं नाव घेत नाही. टेस्ट राइड म्हणून त्यांनी मला बाजूच्या गल्लीत एक चक्कर मारू दिली, तीही पुढच्या गाडीमागे. बिलात मात्र टेफ्लॉन कोटिंग, गंजरोधक लेप, ‘अनिवार्य’ ॲक्सेसरीज असं बरंच काही चढलं होतं. यातलं अनिवार्य काहीच नसतं. साडीगार्ड कायद्याने लागतो तेवढा सोडला तर बाकी एकेक ओळ बोट ठेवून काढून घेता येते. विम्याचंही तसंच. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०१८ पासून सक्तीचा आहे, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा कुठल्या कंपनीकडून घ्यायचा ते आपण ठरवतो. मी बाहेरून दर काढून नेले आणि टेबलावर ठेवले, तेव्हा त्यांचाही दर उतरला. फेअरिंगवाल्या गाडीला झीरो-डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारा विमा, घ्यावाच, कारण ती उभ्याने जरी कलंडली तरी प्लास्टिकचं एक पॅनल जातं, आणि पॅनलची किंमत ऐकून माणूस खाली बसतो. क्विकशिफ्टर असलेला निळा रंग सोडून मी साधा लाल घेतला. क्लच न दाबता गिअर टाकायची सोय चांगलीच आहे, पण क्लच आत्ताच कुठे हाताशी बोलायला लागला होता.

पैसे मी हेल्मेटवर आणि जॅकेटवर घातले. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं, म्हणजे आयएस ४१५१ चं, तर हवंच. पण शिक्क्याइतकंच माप महत्त्वाचं. कपाळावरून टेप फिरवून डोक्याचा घेर मोजला, त्या मापाचं घातलं आणि दुकानातच ते घालून पंधरा-वीस मिनिटं बसून राहिले. गाल दाबले गेले पाहिजेत, बोलताना आतली कातडी दाताखाली यावी इतके. कपाळावर मात्र एकाच ठिकाणी टोचता कामा नये. पट्टा बांधून मागून वर ढकललं तर ते डोक्यावरून निघता कामा नये. स्कूटरवर वर्षानुवर्षं जे घालत होते ते एका धक्क्यात निघालं असतं. जॅकेट जाळीचं घेतलं, खांदे-कोपर-पाठीला आर्मर असलेलं. गोव्याच्या दमट हवेत जाड जॅकेट कोणी चार दिवसांपलीकडे घालत नाही, ते खुंटीवरच राहतं. त्यापेक्षा वारं खेळणारं बरं.

गाडी दसऱ्याला घरी आली. झेंडूची माळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, सगळं रीतीप्रमाणे. नव्या टायरवर आधीच एक गुळगुळीत थर असतो, तो घासून जाईपर्यंत पकड कमीच असते, आणि त्यावर आपण लिंबाचा रस लावून पहिली फेरी मारतो! मी लिंबावरून गाडी ढकलत नेली, चाक पुसलं आणि मग बसले. आईच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नार्व्याला सप्तकोटेश्वराकडे. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार करवलेलं हे देऊळ आमच्या घरापासून जवळ, रस्ता कमी वर्दळीचा, म्हणून पहिली फेरी तिकडेच ठरली होती. देवळापासून खाली उतरलं की नार्व्याचा फेरीधक्का. तिथून फेरीबोट दिवाडी बेटावर जाते, दिवाडी ओलांडून दुसऱ्या फेरीने जुने गोवे. पणजीला जायचा हा वेळखाऊ पण सुंदर मार्ग. मला तो गाडी शिकण्यासाठी घडवलाय असं वाटतं.

सुकती होती. पाणी खाली गेलं की धक्क्याचा उतार लांब होतो आणि जिथवर भरतीचं पाणी येतं तो भाग शेवाळाने हिरवट-काळा झालेला असतो. फेरीची लोखंडी फळी त्यावर टेकते तेव्हा मधे एक उंबरठा तयार होतो. स्कूटरवाले त्यावरून बोलत-बोलत जातात. स्पोर्ट्स बाईकचं हँडल मात्र दोन्हीकडे फार थोडं वळतं, वळवताना अंगठा टाकीवर चेपतो, आणि उतारावर अंगाचा सगळा भार मनगटांवर येतो. मी पहिल्या गिअरमध्ये, मागच्या ब्रेकवर पाय ठेवून, क्लच त्या बोटभर जागेत धरून उतरले. पुढचं चाक लोखंडावर चढलं तसा ‘धण्’ आवाज झाला, मागचं चाक शेवाळावर जरा सरकलं आणि परत धरलं. नजर समोरच्या कठड्यावर. फेरीवरच्या खलाशाने हातानेच खूण केली, आणखी पुढे, आणखी, डाव्या अंगाला. एका बाजूला स्कूटर, दुसऱ्या बाजूला पोदेराची पावाची टोपली लावलेली सायकल, मधे माझ्या नव्याकोऱ्या लाल पॅनलला जागा जेमतेम. इंजिन बंद केलं, गाडी गिअरमध्ये ठेवली, पुढचा ब्रेक धरून वरच बसून राहिले, कारण हलत्या फेरीवर साइड स्टँडचा भरवसा नाही. पोदेर म्हणाला, “बरी आसा. पूण फाटल्यान कोण बसतलें?” मागची सीट बघितली की हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. मागे बसवायचं माणूस असेल तर ही गाडी घेऊ नये, हे मी आजही सांगते. आई एकदाच बसली आणि उतरून म्हणाली, बस बरी.

त्यानंतर सुट्टीच्या सकाळी मी नार्वे-दिवाडी-जुने गोवे असा फेरा धरला. दर वेळी पाण्याची पातळी वेगळी, उताराचा कोन वेगळा, गर्दी वेगळी. पुस्तिकेत सांगितलेल्या आरपीएमच्या, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या, वर १००० किमीपर्यंत जायचं नव्हतंच, तेव्हा वेग हा विषयच नव्हता. हजारचं पहिलं सर्व्हिसिंग होऊन तेल बदललं गेलं तोवर माझा डावा हात काय करतोय याचा विचार करणं थांबलं होतं.

मनगटांचं दुखणं मात्र पहिले काही आठवडे होतंच. सगळ्यात जास्त पर्वरीला. तिथे उड्डाणपुलाचं काम चाललेलं, रस्ता वळवलेला, धूळ, आणि पाऊलभर पुढे-पाऊलभर थांब. मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकीला बंदी, म्हणजे खालचाच पूल. अशा ठिकाणी वाकलेली बैठक ही शिक्षा आहे, उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. पण दुखण्याचं अर्धं कारण गाडी नव्हती. मी हातांवर रेलत होते. हँडल हे धरायला असतं, अंग टेकायला नाही. टाकी गुडघ्यांनी घट्ट धरायची, पोट जरा आवळायचं, कोपरं ढिली सोडायची; कोंबडीने पंख हलवावेत तशी ती हलवून बघता आली पाहिजेत. हे जमल्यावर मनगटं सुटली. मांड्या दुखायला लागल्या, पण ते दुखणं चार दिवसांत जातं.

ब्रेकचा सराव मी डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत केला. रविवारी तिथले आतले रस्ते रिकामे असतात. रस्त्याकडेच्या एका चिऱ्यापाशी ब्रेक लावायला सुरुवात करायची आणि गाडी थांबेल तिथे काकांनी पायाने खडा सरकवून खूण करायची. आधी ताशी २०, मग ४०. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं हे शाळेत शिकलो होतोच; पण दुसरा खडा एवढ्या लांब गेलेला बघून काकाही गप्प झाले. बाईकवर थांबवण्याचं बहुतांश काम पुढचा ब्रेक करतो, कारण ब्रेक लागला की भार पुढे येतो आणि पुढचा टायर रस्त्याला आवळतो. म्हणून तो एकदम आवळायचा नाही. आधी हलका दाब, टायरवर भार येऊ द्यायचा, मग जोर वाढवायचा, लिंबू पिळतो तसा. २०१९ पासून १२५ सीसीवरच्या प्रत्येक नव्या बाईकला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असतोच, तोही मुद्दाम लावून बघितला. लिव्हर बोटांखाली थरथरतो. माहीत नसेल तर घाबरून माणूस ब्रेक सोडतो, आणि नेमकं तेव्हाच सोडायचा नसतो.

त्याच रस्त्यावर मी काउंटर-स्टिअरिंग करून बघितलं. ताशी चाळीसच्या वेगात डावीकडे वळायचं तर हँडलचं डावं टोक किंचित पुढे ढकलायचं. ऐकायला उलटं वाटतं. पण ढकललं की गाडी झटकन डावीकडे कलते आणि वळते. स्कूटरवर आपण नकळत हेच करत असतो. जाणून केलं की खड्डा किंवा आडवं आलेलं वासरू चुकवताना गाडी विचार करत बसत नाही.

लाल धुळीबद्दल मात्र कुठल्याच व्हिडिओत कोणी बोलत नाही, कारण ती आमच्याकडचीच. डिचोली, सांखळी, पाळी, वेळगे हा खाणींचा भाग. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं तेव्हा ट्रक थांबले आणि रस्ते काही वर्षं स्वच्छ होते. आता काही ठिकाणी वाहतूक परत सुरू झाली आहे. मातीची ही पूड वळणाच्या बाहेरच्या कडेला साचते, कारण ट्रकची चाकं ती तिकडे लोटतात. कोरडी असताना टायरखाली बारीक छऱ्यांसारखी फिरते. पाण्याचा टँकर मारून गेला की साबण. अशा वळणावर चाकाच्या घासून चकचकीत झालेल्या पट्ट्यातूनच जायचं, ब्रेक वळणाआधीच संपवायचा, आणि झुकायचं कमी. आर१५चा मागचा टायर १४० रुंदीचा रेडियल आहे, त्याची पकड खरंच छान आहे, पण टायर रस्त्याला धरतो, धुळीला नाही.

चोर्ल्याला मी जानेवारीत गेले. बरोबर मावसभाऊ आरसीवर. सांखळी, पर्ये, केरी, मग अंजुण्याच्या धरणाचं पाणी दिसायला लागतं आणि घाट सुरू होतो. त्याला आधीच सांगितलं होतं, तू पुढे जा, मला मागे ठेवून आरशात बघत बसू नकोस. नवशिक्याने घाटात कोणाच्या मागे लागू नये. पुढच्याचा वेग आपला होऊन जातो आणि वळण त्याच्या हिशेबाने येतं.

दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा, एवढ्याच गिअरवर घाट चढला. उजवीकडची वळणं जास्त सांभाळावी लागतात. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूला असलो तरी गाडी उजवीकडे कलली की डोकं आणि खांदा मधल्या पट्टीपलीकडे जातात, आणि वरून येणारा ट्रक वळण कापत येत असतो. म्हणून उजव्या वळणाला चाकं डाव्या कडेच्या जवळ ठेवायची आणि वळणाच्या पलीकडचं दिसल्याशिवाय आत झुकायचं नाही. एका हेअरपिनवर मालाचा ट्रक अडकला होता. मागे-पुढे करत तो सुटेपर्यंत मी चढावर, अर्ध्या वळणात, बाहेरच्या कडेला उभी. एक पाय सपाट, दुसरा मागच्या ब्रेकवर. तिथून निघायचं म्हणजे ब्रेक सोडणं आणि क्लच धरणं एकाच श्वासात. नार्व्याचा उतार इथे उलटा करून वापरला.

वर सुर्ल्याच्या पठारावर रस्ता मोकळा झाला आणि मी पहिल्यांदा इंजिनला मनासारखं फिरू दिलं. तिसऱ्या गिअरमध्ये आरपीएम ७४०० च्या पुढे गेले की डिस्प्लेवर व्हीव्हीए हे अक्षर उजळतं. इनटेक व्हॉल्व्ह तिथून पुढे दुसऱ्या, उंच कॅमवर उघडायला लागतात, इंजिन जास्त हवा घेतं आणि आवाज बदलतो. आधीची घरघर जाऊन एक ताणलेला सूर लागतो. १५५ सीसीचं ते छोटं इंजिन तेव्हा मान वर काढतं. वेग मी बघितलाच नाही असं म्हणणार नाही, बघितला. आकडा सांगण्यासारखा नव्हता, मला पुरेसा होता. कणकुंबीला, मलप्रभा उगम पावते तिथे, मावसभाऊ चहा संपवून बसला होता.

जांबोटीमार्गे बेळगावला जाऊन कुंदा घेतला. डिकी नसल्याने तो सॅकमध्ये पाठीवर. उतरताना दुपार झाली होती. उतारावर क्लच दाबून गाडी सोडणारे बरेच दिसतात. त्याने गाडी फक्त ब्रेकच्या भरवशावर राहते आणि घाट संपेपर्यंत ब्रेक तापतात. मी दुसरा गिअर धरला आणि इंजिनलाच वेग आवरू दिला. आर१५ला स्लिपर क्लच आहे, त्यामुळे घाईत खालचा गिअर पडला तरी मागचं चाक उड्या मारत नाही. तो घाटात शब्दशः उपयोगी पडला. केरीला पोचेपर्यंत तळहात लाल झाले होते, पण मनगटं ठीक होती.

आता मे संपत आलाय. लिटरला चाळीसच्या वर जाते, ११ लिटरची टाकी मला आठवडाभर पुरते, चेन मी दर ५०० किमीला साफ करून तेल घालते, बाकी खर्च काही नाही. स्कूटर विकली नाही. पावसाळ्यात पणजीला तीच जाईल. पहिल्या पावसात रस्त्यावरचं सगळं तेल आणि धूळ मिळून जो लगदा होतो तो धुऊन निघेपर्यंत आर१५ अंगणात शेडखालीच राहणार. मावसभाऊ म्हणतो, एबीएस आहे, ट्रॅक्शन कंट्रोल आहे, मग घाबरतेस कशाला. गेल्या जूनमध्ये अस्नोड्याच्या वळणावर त्याची आरसी कशी झोपली होती, ते मी त्याला अधूनमधून प्रेमाने विचारते.